बारवेवरचं पाणी

एकदा एक वृद्ध आचार्य होते. पाणी अजून आलेलं नसताना ते कुठे जाईल हे गणिताने आधी सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. लोक त्यांना अण्णा म्हणत. हातपाय थकल्यावर ते गावाबाहेरच्या एका लहानशा घरात राहायला आले आणि ज्यांना ही विद्या शिकायची होती ते तिथे त्यांच्याकडे येऊ लागले. शेवटी शेवटी एकच शिष्या उरली. तिचं नाव केतकी.

ही विद्या समजायला अवघड नाही. डोंगर, दरी, ओढा, शेत, जी काही उंचसखल भूमी असेल तिचे लहान लहान चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाची उंची संगणकाला सांगायची आणि त्यात किती पाणी उभं आहे तेही सांगायचं. मग क्षणाक्षणाला प्रत्येक चौकोन आपल्या शेजाऱ्यांकडे बघतो, आणि कोणी कोणाला किती पाणी द्यायचं ते ठरतं. जमिनीवर पसरणारं पाणी कितीही भयंकर असलं तरी आपल्या पसाऱ्याच्या मानाने ते उथळच असतं. म्हणून त्याच्या वरखाली होणाऱ्या हालचालीचा फार विचार न करता नुसत्या पसरण्याचा हिशोब मांडता येतो. अण्णा याला उथळ पाण्याचं गणित म्हणत.

केतकीकडे त्या उन्हाळ्यात एका तळ्याचं काम आलं. डोंगरात बांध घालून केलेलं मोठं तळं होतं ते. ते भरलं तेव्हा हेदोली नावाचं गाव पाण्याखाली गेलं होतं. गावकऱ्यांनी वरच्या उतारावर, तळ्याच्या एका अरुंद खाडीसारख्या कोपऱ्याजवळ नवी हेदोली वसवली. आता अतिवृष्टी झाली तर तळ्याचं पाणी कुठवर चढेल, हा प्रश्न होता. केतकीच्या नकाशावर नवी हेदोली कोरडी राहिली तर गाव तिथेच राहणार होतं. ओली दिसली तर पावसाळ्याच्या आत सगळ्यांना उठवून दूरच्या माळावर नेणार होते.

केतकीने हिशोब मांडला आणि हेदोली ओली झाली.

तिने पाऊस कमी करून पाहिला. हेदोली तरीही ओलीच. दर वेळी तळ्याच्या मधोमध एका जागेवरून पाण्याची एक जीभ निघे, वळणं घेत खाडीत शिरे आणि घरांपर्यंत चढे. बांधाकडे जायचं सोडून पाणी तिकडे का जातं, हे तिला कळेना. पण आकडे तेच सांगत होते. नकाशाची पहिली प्रत तिने हे काम देणाऱ्या सरकारी खात्यातल्या साहेबांकडे पाठवून दिली आणि काठावरच्या उंच्या पुन्हा एकदा मोजून घ्याव्यात म्हणून ती हेदोलीला गेली.

माणसं भोवती जमली. काय निघालं ते दाखव म्हणाली. लपवण्यासारखं काही नव्हतं, तिने लॅपटॉप उघडला. निळ्या तळ्यावर पाण्याच्या त्या जिभेचा लाल धागा दिसू लागला. गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. गजराबाई तिचं नाव. तिचं घर सगळ्यात खाली, ओढ्याला लागून, तळ्याच्या सर्वांत जवळ होतं. तिने आपलं वाकडं बोट पडद्यावर ठेवलं. लाल धागा जिथून निघत होता, नेमकं तिथेच.

"ही आमची बारव."

मागे कोणीतरी कडेवरचं मूल खाली ठेवलं.

"कसली बारव, आजी?" केतकीने विचारलं.

"जुन्या गावातली. पायऱ्यांची इहीर. तिच्याबद्दल काय म्हंत्यात ठावं हाय का तुला? ती निजत न्हाई. तळं भरलं तवापास्नं जागीच हाय." म्हातारी पडद्यावरून नजर काढेना. "पर तुझ्या मशीनला ह्ये कुनी सांगितलं गं?"

बारव केतकीला माहीतच नव्हती. तळं भरण्याआधी केलेल्या मोजणीत त्या जागी काही खूप खोल आकडे होते, एवढंच. तिने ते आहेत तसे घेतले होते.

बाकीची माणसं पांगली. गजराबाई तिला आपल्या ओट्यावर घेऊन गेली. चहा झाला. मग ती तळ्याकडे तोंड करून बसली. उन्हाळ्याच्या त्या दुपारी वाऱ्याची झुळूकही नव्हती आणि पाणी ओतलेल्या शिशासारखं जड दिसत होतं.

"येक खरं सांगशील?" ती हळूच म्हणाली. "आमी गाव सोडलं तवा बारवेला नारळ द्यायचा ऱ्हाऊन गेला. घाई केली समद्यांनी. पाणी पायाशी आलं हुतं. ती आमास्नी हाकलतीया का गं?"

"असं काही नसतं, आजी."

"मंग पाणी तिथनं कशापायी उठतंया?"

केतकीने लॅपटॉप पिशवीत घातला.

परत आल्यावर तिचं कामात लक्ष लागेना. तिने गणिताच्या ओळी पुन्हा पुन्हा तपासल्या. चूक सापडत नव्हती. तो धागा मात्र प्रत्येक वेळी त्याच जागेवरून उठत होता, आणि आता तो उठला की तिला म्हातारीचं बोट दिसे. एकदा तर तिने घाबरून पडदाच मिटला. शिकलेल्या माणसाला जे बोलायची लाज वाटते ते तिच्या मनात येऊन बसलं होतं. शेवटी ती अण्णांकडे गेली.

अण्णा ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. तिने सगळं सांगितलं, म्हातारीचं बोलणंसुद्धा. मग नकाशा पुढे केला. अण्णांनी तो हातात घेतला, न बघताच घडी घातली आणि पाटाखाली ठेवला.

"अण्णा, बघा तरी!"

"पुराचं चित्र मागाहून बघू. आत चल."

ते स्वयंपाकघरात गेले. मोठी पितळी परात काढून त्यांनी ती टेबलावर, तिच्या लॅपटॉपच्या शेजारी ठेवली. अंगणातले ओबडधोबड दगड आणून परातीत मांडले, कोणी उंच, कोणी बसका, दोघांच्या मध्ये एक खोल फट. वरून अलगद पाणी ओतलं. सगळे दगड बुडाले, एकाचाच माथा तेवढा बाहेर राहिला. पाणी स्थिर होईपर्यंत ते थांबले आणि मग डब्यातून चिमूटभर हळद घेऊन पाण्यावर शिंपडली. पिवळे कण जिथे पडले तिथेच तरंगत राहिले.

"पंखा बंद कर. खिडकी लाव."

"उकडेल, अण्णा."

"उकडू दे. आता तुझ्या त्या तळ्यातून पाऊस काढ. वारा काढ. बांधाचे दरवाजे बंद. ओढ्यांचं येणारं पाणी बंद. तळं नुसतं भरलेलं ठेव. आणि चालव."

"चालवू? पण मग होणार काय?"

"काही होता कामा नये. तेच बघायचं आहे."

केतकी त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मी इथे बसून काहीच न होणं बघू?"

"माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हेच," अण्णा म्हणाले. "आणि एक सांग. पडद्यावर रंग केव्हापासून चढतो? अगदी बारीक हालचाल दिसते का?"

ती जरा ओशाळली. "नाही. बारीक हालचालींचे ठिपके फार यायचे. नकाशा घाण दिसायचा. म्हणून अमुक वेगाच्या खालचं काही दाखवायचं नाही असं मी ठेवलंय."

"ते झाकण काढ. दिसेल ते सगळं दिसू दे." अण्णा आतल्या खोलीकडे वळले. "मी जरा पडतो. म्हाताऱ्याची झोप मोडावी एवढं मोठं काही झालं तरच हाक मार."

केतकीने सांगितलं तसं सगळं केलं आणि खुर्चीत बसली.

बंद खोलीत दुपार साचून राहिली होती. बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. डावीकडे परात, उजवीकडे पडद्यावरचं निळं तळं. दोन्ही निश्चल. आपण श्वास घेतला तर हळद हलेल या भीतीने तिने खुर्ची जरा मागे सरकवली. वेळ जात होता. पडद्यावर एकसारखा निळा रंग होता. मनातून ती सुखावली. चला, पावसाविना काही नाही.

तेवढ्यात तळ्याच्या मध्यावर एक फिकट केस उमटला.

तिला वाटलं, डोळ्यांसमोर आलं असेल काही. तिने डोळे पुसले. केस तिथेच होता. त्याच्याशेजारी दुसरा आला. दोन्ही वळले. बारवेभोवती ते गोल गोल फिरू लागले, देवळाभोवती माणसं फिरतात तसे, न थांबता, कोणी ढकलत नसताना. पाऊस नाही, वारा नाही, येणारं पाणी नाही, जाणारं पाणी नाही. आणि तरीही तळं जागं झालं होतं. फिरता फिरता त्यातला एक धागा सुटला. जणू त्याला वाट ठाऊक होती. वळणं घेत तो खाडीच्या तोंडाशी आला.

तिने परातीकडे पाहिलं. हळदीचा एक कणही जागचा हलला नव्हता.

पुन्हा पडद्याकडे पाहिलं. धागा खाडीत शिरला होता. पुढे पहिलं घर गजराबाईचं.

"अण्णा!"

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. अण्णा धोतर सावरत आले आणि तिच्या मागे उभे राहिले. धागा घरापर्यंत आला, उतारावर जरासा चढला, मागे हटला, पुन्हा चढला. कोणीतरी दारावर थाप मारावी तसा.

"तू हात लावलास?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"वारा सोडलास?"

"नाही, अण्णा. शपथ. काहीच नाही." तिचे डोळे भरून आले. "म्हातारी म्हणते ते खरं असेल का? तिथे खाली खरंच कोणी..."

अण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आहे की कोणीतरी. पण ती बारव नव्हे, पोरी. आपण आहोत."

त्यांनी खुर्ची ओढली आणि परातीसमोर बसले. एक बोट पाण्याच्या अगदी जवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"हे पाणी स्वस्थ आहे. तुला वाटतं इथे काही चाललेलं नाही. तसं नाही. या दगडाच्या उतारावर एका बाजूला पाणी जास्त खोल, दुसऱ्या बाजूला कमी. खोल बाजूचं पाणी जोराने रेटतंय. मग ते वर का चढत नाही? कारण उताराचा दगडही तेवढ्याच जोराने त्याला मागे रेटतो. दोघे एकमेकांना धरून उभे आहेत. क्षणभरही सोडत नाहीत. स्वस्थ पाणी म्हणजे रिकामी जागा नव्हे, ती दोघांनी मिळून राखलेली शांतता आहे."

"ते मला माहीत आहे, अण्णा. मी दोन्ही घेतलेत."

"घेतलेस. पण कुठे मोजलेस? पाण्याचा रेटा तू चौकोनाच्या कडेवर मोजलास. जमिनीचा रेटा चौकोनाच्या मधोमध. पहिल्यांदा सगळे तसंच करतात. एकाचं माप एका मापट्याने, दुसऱ्याचं दुसऱ्याने. जमीन सपाट असेल तिथे दोन्ही मापं जुळतात, काही कळत नाही. पण जिथे तळ एकदम खाली जातो, बारवेसारखा, तिथे ती जुळत नाहीत. केसाएवढं काहीतरी शिल्लक राहतं. आणि आपलं गणित भाबडं आहे, ते शिल्लक फेकून देत नाही. त्याला पाणी समजून चालायला लावतं. प्रत्येक क्षणी थोडं. खाडीत जागा अरुंद, पाणी उथळ, तिथे ते चढून बसतं."

केतकीने पडद्यावरचं तळं थांबवलं.

"मोठ्या पावसात हे दिसलं नसतं," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "खरं पाणी आणि आपलं भूत एकत्र वाहिलं असतं, आणि कुठलं कोणाचं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. म्हणून आधी काहीच न होणं बघायचं. तुला ते ठिपके दिसले होते ना पहिल्यांदा?"

"दिसले होते."

"आणि तू त्यांच्यावर झाकण टाकलंस."

"नकाशा स्वच्छ दिसावा म्हणून," ती पुटपुटली.

अण्णा हसले, पण त्या हसण्यात टोचणी नव्हती. "ते तुला सांगायला आले होते गं. तू दार लावून घेतलंस."

त्या दिवसापासून केतकी नव्याने कामाला बसली. पाण्याचा रेटा आणि जमिनीचा रेटा, दोन्ही तिने एकाच जागी, चौकोनाच्या एकाच कडेवर, एकाच मापाने मोजायला घेतले. जिथे पाणी संपून कोरडी जमीन सुरू होते तिथे तर फारच जपावं लागलं, कारण अर्धवट भिजलेला चौकोन सगळ्यात खोटारडा असतो. नकाशा बदलेल असं तिने साहेबांना कळवलं, तेव्हा त्यांचा फोन आला.

"मॅडम, पहिला नकाशा मी वर पाठवलाय. आता आठवड्यात पाणी बदललं की काय?"

"पाणी तेच आहे, साहेब. मी चुकले होते."

"हे मी वर कसं सांगू?"

"माझं नाव घालून सांगा."

गणित पुरं झाल्यावर ती पुन्हा अण्णांच्या घरी आली. परातीत त्यांनी पाणी ठेवलंच होतं. पंखा बंद, खिडकी बंद. तळं भरलेलं, वर काही नाही, खाली काही नाही. झाकण न ठेवता तिने ते चालू केलं आणि बसून राहिली. दुपार सरत आली. पडद्यावर एकही केस उमटला नाही. बारवेवरचं पाणी जिथल्या तिथे होतं. परातीतली हळदही.

इतकं निश्चल तळं बघताना तिला आधीपेक्षा जास्त भय वाटलं. त्या निळ्या रंगाखाली केवढे रेटे एकमेकांना धरून उभे आहेत, हे आता तिला माहीत होतं.

"आता पाऊस सोड," अण्णा म्हणाले.

तिने मोठ्यात मोठा पाऊस सोडला. तळं फुगलं. पाणी बांधाकडे गेलं, सांडव्यावरून पडलं. खाडीत शिरलेलं पाणी हेदोलीच्या पायथ्याशी थबकलं. हेदोली कोरडी राहिली.

फक्त एक घर सोडून. हे पाणी तळ्यातून आलेलं नव्हतं. ते वरच्या ओढ्यातून उतरलं आणि ओढ्याला लागून असलेल्या सगळ्यात खालच्या घरात शिरलं. आधीच्या नकाशात तळ्याच्या त्या खोट्या लाटेखाली ते झाकलं गेलं होतं.

"अण्णा, हे गजराबाईंचं घर आहे."

अण्णांनी पडद्याकडे बघून मान हलवली. "हे मात्र खरं आहे."

"हे तरी चूक निघावं असं वाटतंय."

"वाटणारच. पण वाटतं म्हणून यावरही झाकण टाकू नकोस."

ती हेदोलीला गेली. गजराबाई ओट्यावरच होती, जणू मधल्या दिवसांत हललीच नव्हती. केतकी तिच्या शेजारी बसली. रस्ताभर तिने मनाशी खूप काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"आजी, माझं गणित चुकलं होतं. पाणी बारवेतून उठत नाही. ते मी उठवलं होतं."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "तू?"

"माझ्या हिशोबात थोडं उरत होतं. ते पाण्यासारखं चालत होतं. आता ते काढलं. गाव इथेच राहील. तुम्हाला कोणी उठवणार नाही." ती थांबली. "पण तुमचं घर ओढ्याच्या वाटेत आहे. मोठा पाऊस झाला तर वरून पाणी येईल. हे खरं आहे. मी पुन्हा पुन्हा बघितलंय."

केतकी बोलण्याची वाट बघत होती, रागाची, रडण्याची. गजराबाईने तळ्याकडे मान वळवली.

"म्हंजी बारव रागावल्याली न्हाई?"

"नाही, आजी."

"जागी न्हाई?"

केतकीच्या डोळ्यांपुढे तो निळा पडदा आला, ज्यावर काही उमटलं नव्हतं. "नाही. निजलीय."

म्हातारीने पदराचं टोक डोळ्यांना लावलं. तिचे खांदे सैल पडले. कुठल्यातरी जुन्या ओझ्याखाली ती इतकी वर्षं बसली होती आणि ते आत्ता कोणी उचललं, असं केतकीला वाटलं.

"मंग घराचं काय येवढं," गजराबाई म्हणाली. "वर बांधू. मी खाली ऱ्हायले ती तिच्यापायी. म्हटलं, कुनी तरी जवळ असाया पायजे, तिला राग आला तर आधी मला धरंल. आता ती निजलीच हाय तर मला वर जाया काय हरकत हाय?" मग डोळे पुसून ती करवादली, "आन तू गं, येवढी शिकल्याली, पाणी उठवून ठेवतीस व्हय? चल, चहा घे."

चहा झाल्यावर केतकी एकटीच काठापर्यंत उतरली. ऊन टळटळीत होतं. तळ्यावर एक तरंग नव्हता. तिने वाकून खाली पाहिलं. पाण्याखाली कुठेतरी पायऱ्या असतील, त्यांच्याखाली आणखी पायऱ्या, मग काळोख. तो काळोख वर रेटत होता आणि त्याला धरून काहीतरी उभं होतं. पायाखालचा खडा निसटून पाणी हलू नये म्हणून ती जरा मागे सरकली आणि तशीच उभी राहिली. म्हातारीने तिला हाक मारली तेव्हाही ती तिथेच होती.

दुसऱ्याच्या पुराविषयी बोलण्याआधी, बाहेर काहीही घडत नसताना आपल्या आत काय चालू लागतं, ते एकदा स्वस्थ बसून बघावं.